सुभेदार रामजी सकपाळ : आंबडवे ते परळ

रामजी मालोजी सकपाळ यांचे मूळ गाव आंबडवे, रत्नागिरी जिल्ह्याच्या मंडणगड तालुक्यातले. त्या काळी कोकणातल्या महार कुटुंबाला गावात मान नव्हता आणि पोटापुरते कामही नव्हते. बाहेर पडायची वाट बहुधा पलटणीकडे जाई. वडील मालोजी सैन्यात होते, रामजीही सैन्यात गेले. तिथे त्यांना शिकायला मिळाले. ते लष्करी शाळेत शिक्षक झाले, चौदा वर्षे मुख्याध्यापक राहिले आणि सुभेदार या हुद्द्यापर्यंत चढले. महू येथे १४ एप्रिल १८९१ रोजी त्यांचे आणि भीमाबाईंचे चौदावे अपत्य जन्मले, ते भीमराव, म्हणजे पुढचे डॉ. बाबासाहेब आंबेडकर. चौदांपैकी जगली पाच : बळराम, आनंदराव आणि भीमराव हे मुलगे, मंजुळा आणि तुळसा या मुली.

रामजी कबीरपंथी होते. घरात दारू नाही, मांस नाही. सांजवेळी भजन आणि पाठांतर मात्र चुकत नसे. मुलांकडून ते रामायण-महाभारत वाचून घेत. ज्या समाजाला हे ग्रंथ दूर ठेवत होते, त्याच समाजातल्या पोरांनी ते का वाचावेत, असा प्रश्न भीमरावांनी पुढे वडिलांना विचारला. त्यावर रामजींचे म्हणणे असे की, अस्पृश्य म्हणून जगताना मनात कमीपणा रुजतो, तो या कथांनी निघतो. द्रोण आणि कर्ण साध्या स्थितीतून किती उंच गेले ते पाहावे, वाल्मीकी तर कोळी होता. मुलाचे या उत्तराने समाधान झाले नाही, हेही त्यानेच लिहून ठेवले आहे. तरीही प्रश्न विचारायची मुभा ज्या घरात होती, ते घर रामजींनी उभे केले होते.

निवृत्तीनंतर हे कुटुंब दापोलीला आणि मग साताऱ्याला आले. साताऱ्यात भीमाबाई वारल्या. पेन्शन महिना ५० रुपये होती. घर चालवायला ती पुरेना, म्हणून रामजींनी खटाव तालुक्यात कोरेगाव येथे दुष्काळी कामावर रोखपालाची नोकरी धरली आणि मुलांना साताऱ्यात आत्या मीराबाईंच्या हवाली केले. १९०१ च्या उन्हाळ्यात त्यांनी मुलांना सुट्टीसाठी बोलावले. मुलांनी येण्याचे पत्र पाठवले, पण ते हाताखालच्या नोकराने रामजींना दिलेच नाही. मसूर स्थानकावर कोणी न्यायला आले नाही. जात कळल्यावर गाडीवानही मिळेना. शेवटी दुप्पट भाडे देऊन मुलांनी गाडी स्वतः हाकली आणि रात्र तहानेने काढली. लेकरांना जवळ बोलावणाऱ्या बापाच्या वाट्याला हा प्रसंग यावा, ही त्या व्यवस्थेची क्रूरता होती. घर सोडून केलेल्या कष्टाने पैसे उभे राहिले, पण दोन घोट पाणी काही मुलांना विकत मिळाले नाही.

रामजींनी पुढे दुसरे लग्न केले. आईचे दागिने सावत्र आईच्या अंगावर पाहून भीमराव दुखावले. मुंबईच्या गिरणीत काम करून आपल्या पायावर उभे राहायचे, असे त्या पोराने ठरवले आणि गाडीभाड्यासाठी आत्याची पिशवी मिळवण्याच्या खटपटीत तीन रात्री घालवल्या. चौथ्या रात्री ती हाती आली, तर आत अर्धा आणा निघाला. गिरणीचा बेत तिथेच सुटला आणि अभ्यासाचा निश्चय झाला. रामजींच्या घरातही रुसवे होते, हे झाकण्याचे कारण नाही. मुले वडिलांवर रागावत आणि तरी त्यांच्याच शब्दावर वाढत.

१९०४ च्या सुमारास कुटुंब मुंबईत आले आणि लोअर परळच्या डबक चाळीत एका खोलीत राहिले. स्वयंपाक, झोप, पाहुणे, अभ्यास सारे त्याच खोलीत. धूर दाटलेला, वर फळीवर जळण रचलेले. चरित्रकार धनंजय कीर यांनी त्या खोलीतला क्रम नोंदवला आहे. मुलाने आधी झोपायचे, उशाशी जाते आणि पायथ्याशी शेळी. बाप जागा राहायचा. रात्री दोनला मुलाला उठवून, दिवा त्याच्या हवाली करून, मगच रामजी अंग टाकायचे. तीच जागा आळीपाळीने दोघांना पुरे.

पुस्तकांचे असेच. मुलाने नवे पुस्तक मागितले आणि खिसा रिकामा असला, की रामजी धाकट्या लेकीकडे जात, तिथे जमले नाही तर थोरलीकडे. सासरी गेलेल्या मुली लग्नातला दागिना काढून देत. तो सावकाराकडे गहाण पडे आणि पेन्शन आली की सुटे. या पुस्तकांत मंजुळा आणि तुळसा यांचाही वाटा आहे, तो सहसा मोजला जात नाही. आनंदरावांचा तर त्याहून मोठा. दोघांच्या फीचा खर्च झेपेना, तेव्हा त्यांची शाळा सुटली आणि ते नोकरीला लागले.

भीमराव इंग्रजी चौथी पास झाले तेव्हा समाजातल्या मंडळींनी सत्काराची सभा ठरवली. रामजींनी साफ नकार दिला. मुलाने एक परीक्षा पास केली आहे, त्यापलीकडे काही केलेले नाही, उगाच त्याचे डोके चढेल, असे त्यांचे मत होते. अखेर त्यांचे स्नेही कृष्णराव अर्जुन केळुसकर यांनी समजूत घातली, सभा झाली आणि केळुसकरांनी मुलाला आपण लिहिलेले बुद्धचरित्र दिले. दीक्षान्ताच्या दिवशी प्रत्येक पदवीधराने रामजींचा हा नकार आठवावा. मुलाचा अभिमान त्यांना कमी नव्हता. मात्र त्यांच्या हिशेबी परीक्षा ही कामाची सुरुवात होती.

पुढे हे कुटुंब परळच्याच पोयबावडीला राहायला गेले. तिथल्या चाळी १८९६ च्या प्लेगनंतर, १८९८ साली स्थापन झालेल्या बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने (बी.आय.टी.) बांधल्या. बी.आय.टी. चाळ क्रमांक १ मध्ये या कुटुंबाने समोरासमोरच्या दोन खोल्या घेतल्या. त्यातली एक अभ्यासासाठी ठेवली. दोनला उठण्याची गरज आता उरली नव्हती. १९१२ साली भीमराव मुंबई विद्यापीठाचे बी.ए. झाले आणि बडोदा संस्थानच्या नोकरीवर गेले. थोड्याच दिवसांत वडील अत्यवस्थ असल्याची तार आली. परतताना ते सुरत स्थानकावर वडिलांसाठी मिठाई घ्यायला उतरले आणि गाडी चुकली. दुसऱ्या दिवशी घरी पोहोचले तेव्हा रामजींनी मुलाच्या पाठीवरून हात फिरवला. त्यानंतर थोड्याच वेळात, २ फेब्रुवारी १९१३ रोजी, ते गेले.

त्याच वर्षी बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्या शिष्यवृत्तीवर भीमराव न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. १९२३ साली लंडनमध्ये त्यांचा रुपयाच्या प्रश्नावरचा प्रबंध ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. तो त्यांनी आईवडिलांच्या स्मृतीला अर्पण केला आहे.