दोन थेंबांनंतर

(जोहे येथील वसंत व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



येताना जोहे-हमरापूरच्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंना तुमचे मूर्तींचे कारखाने उघडे दिसले. कुठे साच्यातून नुकत्या निघालेल्या पांढऱ्या मूर्ती, कुठे पहिला हात दिलेल्या. परदेशी जाणारे गणपती आधी बाहेर पडतात, म्हणून या दिवसांतही तुम्हाला फुरसत नसते. संयोजकांनी विषय दिला आहे ‘आंतरराष्ट्रीय विकासात दिव्यांगांचे हक्क आणि भागीदारी’. नाव जड आहे. मी तो विषय माझ्या डाव्या पायापासून सुरू करते.

मी रोह्याची. दीड वर्षाची असताना ताप आला आणि पाय गेला. पोलिओ. वडील मला खांद्यावर घेऊन एसटीने मुंबईला न्यायचे, हाजी अलीच्या पुनर्वसन संस्थेत. माझा पहिला कॅलिपर तिथला. लोखंडी पट्ट्या, चामड्याचे पट्टे आणि एक बूट. तो घालून मी रोह्याच्या शाळेत पहिल्यांदा स्वतःच्या पायांनी गेले. पुढे शिक्षिका झाल्यावर वाचनात आलं, की ती संस्था १९५५ साली संयुक्त राष्ट्रांच्या साहाय्याने उभी राहिली होती. म्हणजे ‘आंतरराष्ट्रीय सहकार्य’ हा शब्द कानावर पडण्याच्या कितीतरी आधी मी ते पायात घालून फिरत होते. परदेशी मदत म्हटलं की नाक मुरडणाऱ्यांना मी हे नेहमी सांगते. त्या मदतीचं ऋण माझ्यावर आहे, आणि तिच्यात काय उणं राहिलं हे सांगण्याचा हक्क मला त्या ऋणातूनच मिळतो.

आता पोलिओचंच बघा. १९८८ साली जगाने ठरवलं की हा रोग संपवायचा. जागतिक आरोग्य संघटना, युनिसेफ, रोटरी आणि सगळी सरकारं एकत्र आली. तेव्हा सव्वाशे देशांत पोलिओ होता. आपल्याकडे १९९५ साली पल्स पोलिओ सुरू झाला. परळच्या हाफकिनमधून लशीच्या बाटल्या देशभर गेल्या. मुंबईतल्याच प्रयोगशाळेत नमुने तपासले गेले. अंगणवाडीच्या ताई, शाळेतले शिक्षक, आरोग्यसेविका बर्फाचे डबे घेऊन वाड्यावस्त्यांवर फिरल्या. मीही बूथवर बसलेली आहे, पोरांच्या बोटाला शाई लावलेली आहे. १३ जानेवारी २०११ला देशातला शेवटचा रुग्ण हावड्यात सापडला आणि २७ मार्च २०१४ला भारत पोलिओमुक्त जाहीर झाला. एवढी मोठी भागीदारी माझ्या पिढीने दुसरी पाहिली नाही. त्या दिवशी मी घरी बसून रडले. आनंदाने रडले, खरंच.

पण त्या सगळ्या वर्षांत एक गोष्ट मला टोचत राहिली. बूथच्या मागे लावलेल्या चित्रात कुबड्या घेतलेलं एक मूल असायचं. ‘लस दिली नाही तर असं होईल’, असा त्याचा अर्थ. ते मूल म्हणजे मी होते. माझ्यासारखं कुणी होऊ नये म्हणून सगळं जग एकत्र आलं, आणि मला ते मनापासून मान्य होतं. पण जे झालेच होते त्यांच्यासाठी तसं एकत्र येणं घडलं नाही. दोन थेंब घराघरात पोचले. त्याच घरातल्या कोपऱ्यात बसलेल्या मोठ्या मुलीला शाळा मिळाली का, हे विचारायचा रकाना मोहिमेच्या तक्त्यात नव्हता. रोग ही जगाची जबाबदारी, आणि रोगातून उरलेलं माणूस ही त्याच्या आईची जबाबदारी, अशी ती वाटणी होती. मला आज बोलायचं आहे ते या वाटणीबद्दल.

मदतीचा हा प्रवास जुना आहे. १९०० साली, मोठ्या दुष्काळाच्या वेळी, अमेरिकन मराठी मिशनच्या ॲना मिलार्ड या बाईंनी मुंबईत अंध मुलांसाठी शाळा काढली. दादरची अंधशाळा ती हीच. त्या काळी ती करुणा होती, आणि करुणेने शाळा निघाली हे लहान नाही. पण करुणेत देणारा ठरवतो आणि घेणारा हात पुढे करतो. पुढे पाऊणशे वर्षं साधारण हीच रीत राहिली. १९८१ हे अपंगांचं आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून पाळलं गेलं, तेव्हा आमच्या शाळेत मला स्टेजवर बसवून शाल दिली. वर्ष संपलं आणि शाळेच्या पायऱ्या होत्या तशाच राहिल्या.

रीत मोडली ती न्यूयॉर्कमध्ये, आणि ती कशी मोडली हे तुम्हा कारागिरांना सांगायला मला आवडेल. अपंगांच्या हक्कांचा जागतिक करार लिहायचा ठरलं. मसुद्यासाठी २००४च्या जानेवारीत चाळीस जणांचा गट बसला. त्यात सत्तावीस सरकारं, एक मानवी हक्क संस्था, आणि बारा जागा सामाजिक संघटनांना, मुख्यतः अपंगांच्या स्वतःच्या. अंध, कर्णबधिर, चाकाच्या खुर्चीवरची, मानसिक आजारातून गेलेली माणसं सरकारी प्रतिनिधींच्या शेजारी बसून वाक्यावाक्याला हरकत घेत होती. आमच्याविषयीचा निर्णय आमच्याशिवाय नको, एवढीच त्यांची मागणी होती. १३ डिसेंबर २००६ला करार संमत झाला. ३० मार्च २००७ला सह्या सुरू झाल्या, त्याच दिवशी भारताने सही केली, आणि १ ऑक्टोबरला तो आपल्यावर बंधनकारक करून घेतला. त्याच्या बत्तिसाव्या कलमात म्हटलं आहे, की एका देशाने दुसऱ्याला विकासासाठी केलेली मदतसुद्धा अपंगांना सामावून घेणारी असली पाहिजे. रस्ता असो, धरण असो, वादळापासून बचावाची योजना असो.

वादळाचं उदाहरण आपल्या जिल्ह्याला लांबचं नाही. ३ जून २०२०ला निसर्ग आलं. कोरोनाचे दिवस, आणि किनाऱ्यावरच्या माणसांना घरं सोडून हलायचं होतं. चक्रीवादळाचा धोका कमी करण्याच्या, जागतिक बँकेच्या कर्जावर चाललेल्या योजनेतून अलिबागला विजेच्या तारा जमिनीखाली गेल्या, हे चांगलंच झालं. पण मी त्या दिवशी विचार करत होते तो वेगळा. भोंगा वाजला तर बहिऱ्या माणसाला कोण सांगणार? अंथरुणावरच्या माणसाला उचलायला कोणते चार जण येणार, त्यांची नावं आधी ठरली आहेत का? निवाऱ्याच्या इमारतीत ते चौघं त्याला कुठून चढवणार? या प्रश्नांना पैसा फारसा लागत नाही. कागद करताना ते माणूस तिथे असावं लागतं.

ते नसलं की काय होतं, ते मी पेणच्या डोंगरातल्या एका वाडीत पाहिलं. पाय नसलेल्या एका बाईला एका योजनेतून तीनचाकी सायकल मिळाली होती. फोटो झाला, हार झाला. वाडीला जायला पायवाट, तीही दगडांची. सायकल पडवीत उभी, तिच्या दांडीवर रात्री कोंबड्या बसत. मी त्या बाईला विचारलं, तुला काय मागायचं होतं? ती म्हणाली, “संडासात धरायला एक नळी. आणि विहिरीपाशी बसायला कट्टा.” दोन्ही मिळून खर्च किती? त्या सायकलीपेक्षा कमीच. तिला सायकल देणाऱ्यांच्या मनात खोट नव्हती. साचा दुसरीकडे तयार झाला होता, वाडीत येऊन कुणी फक्त माती भरली. तुम्ही जाणता, साच्यातच सोंडेला बाक चुकीचा आला तर रंगाने तो सुधारत नाही. आम्हाला बोलावतात ते रंगकामाच्या वेळी. आम्हाला माती मळताना तिथे असायचं आहे.

लोक मला विचारतात, अपंग म्हणायचं की दिव्यांग? मला अपंग म्हटलं तरी चालतं. बैठकीला बोलावलं नाही तर चालत नाही.

जिथे बोलावलं गेलं तिथलं एक काम मला फार मोलाचं वाटतं. छापील पुस्तक अंध माणसाला वाचता येत नाही. ते ब्रेलमध्ये किंवा आवाजात करायचं तर स्वामित्वहक्क आड यायचा, आणि एका देशात केलेली प्रत दुसऱ्या देशात पाठवता येत नव्हती. अंधांच्या संघटना वर्षानुवर्षं भांडल्या. आपल्याकडे २०१२ साली कायदा बदलला. २०१३च्या जूनमध्ये मराकेश शहरात जागतिक तह झाला, आणि त्याला मान्यता देणारा जगातला पहिला देश भारत ठरला, २०१४ साली. पुढे २०१६ला ‘सुगम्य पुस्तकालय’ सुरू झालं. या तहामुळे एखादा अंध मुलगा दुसऱ्या देशात तयार झालेली प्रत रोह्यात बसून ऐकू शकतो. कुणी कुणावर उपकार केले नाहीत. ज्यांना अडचण होती त्यांनीच कुलूप कुठे आहे ते दाखवलं आणि सरकारांनी किल्ली फिरवली.

आणि नसीमादीदींचं नाव घेतल्याशिवाय मी पुढे जाऊ शकत नाही. कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक. ऐन तारुण्यात चाकाच्या खुर्चीला खिळल्या, केंद्रीय अबकारी खात्यात नोकरी केली, आणि हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड ही संस्था उभी केली. सिंधुदुर्गात मोरे गावी त्यांनी स्वप्ननगरी वसवली, जिथे अपंग माणसं काजूवर प्रक्रिया करतात. ‘चाकाची खुर्ची’ हे त्यांचं आत्मकथन मी कितीतरी मुलींच्या हातात ठेवलं आहे. देणगीदार आले, पण घर कसं बांधायचं हे खुर्चीवरच्या माणसाने ठरवलं. फरक इथे पडतो.

२०२५च्या एप्रिलमध्ये बर्लिनला जागतिक दिव्यांग परिषद झाली, जर्मनी आणि जॉर्डन यजमान. तिथे ठरलं, की जगातली साधारण पंधरा टक्के माणसं अपंग आहेत, तेव्हा विकासाच्या निदान पंधरा टक्के कार्यक्रमांनी त्यांना सामावून घेणं हे उद्दिष्ट धरावं. मी हे ऐकलं आणि मला आपली ग्रामपंचायत आठवली. तुम्ही म्हणाल, बर्लिन कुठे आणि जोहे कुठे. पण महाराष्ट्रात ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले पाच टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे आहेत. शिवाय २०१६च्या हक्क कायद्याच्या सदतिसाव्या कलमाप्रमाणे गरिबी निवारणाच्या आणि विकासाच्या योजनांत पाच टक्के राखीव आहेत, त्यातही स्त्रियांना प्राधान्य. म्हणजे उद्या मूर्तिकारांसाठी सरकारी पैशातून काही उभं राहिलं, तर त्यातला वाटा मागायला दिव्यांग कारागिराला कुणाची मेहरबानी लागणार नाही.

बहुतेक गावांत हा पाच टक्क्यांचा पैसा मार्च अखेरीला घाईने वाटला जातो. प्रत्येकी थोडे रुपये, एक सही, संपलं. मला याचं दुःख होतं, कारण हाच एक पैसा असा आहे ज्याच्याबद्दल दिव्यांग माणूस आपल्या सरपंचाशी समोरासमोर बोलू शकतो. बर्लिनला त्याला कोण विचारणार? इथे तरी विचारा.

तुमच्या कारखान्यांकडे मी वेगळ्या नजरेने बघते, तेही सांगते. हे काम बसून करायचं आहे, आणि तुकड्यातुकड्यांनी होणारं आहे. साचा, जोडणी, घासकाम, रंग, हिरेकाम, शेवटी डोळ्यांची आखणी. ऐकू न येणाऱ्या मुलाचा हात आखणीला थरथरत नाही. पाय नसलेली बाई हिरे चिकटवायला कुणाहून कमी नाही. पेणला सुहित जीवन ट्रस्ट विशेष मुलांसाठी काम करते. तिथल्या मुलांची आणि तुमची गाठ हंगामाआधी पडली, कोणाला कुठलं काम जमतं हे शांतपणे बघितलं गेलं, तर ती भागीदारी होईल. मात्र मजुरी बाकीच्यांना देता तीच द्या. दया म्हणून कामाला घेतलेल्या माणसाला पुढच्या वर्षी सहज वगळलं जातं. कामासाठी घेतलेल्याला तसं वगळता येत नाही. आणि कारखान्याच्या दाराशी एक उतार करा, पावसाळ्याआधी. ढकलगाड्यांनाही तो लागतोच.

१ मेला ग्रामसभा आहे. पाच टक्क्यांचा विषय त्या दिवशी घ्या अशी माझी सरपंचांना विनंती आहे. ती सभा सगळ्यांना पोचता येईल अशा जागी भरवा. जे घराबाहेर पडू शकत नाहीत त्यांच्या घरी आदल्या संध्याकाळी दोघांनी जाऊन बसा. विचारा, आणि ते म्हणतील तेच शब्द वहीत लिहा. त्या वहीतलं पहिलं पान सभेत मला वाचायला द्याल तर मी रोह्याहून सकाळच्या गाडीने येईन. हमरापूरला डब्यातून उतरताना मात्र कुणाचा तरी हात लागेल.