माप एकच हवं
(युवक-युवतींच्या मेळाव्यातलं भाषण)



मी वकील नाही, सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. तरी आज कायद्यावर बोलणार आहे, कारण या विषयात माझ्याकडून एक चूक झाली आहे.

दोन वर्षांपूर्वी रात्री उशिरा मावसभावाचा फोन आला. "भाईजान, स्टेटस ठेवलंय. राहू दे की काढू?" सरकारच्या एका निर्णयावर टीका होती. शिवी नव्हती, धमकी नव्हती. मी लगेच म्हणालो, "काढ." भीती खरी होती, पण कायदा काय म्हणतो ते मला माहीत नव्हतं. नंतर निकाल वाचायला लागलो.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका कॉलेजात एक काश्मिरी प्राध्यापक शिकवत होते. ऑगस्ट २०२२ मध्ये त्यांनी व्हॉट्सॲप स्टेटसवर ५ ऑगस्ट हा जम्मू-काश्मीरसाठी काळा दिवस म्हटला आणि १४ ऑगस्टच्या पाकिस्तानला शुभेच्छा दिल्या. कलम १५३-अ खाली, म्हणजे समाजासमाजांत वैर पसरवल्याबद्दल, गुन्हा दाखल झाला. मुंबई उच्च न्यायालयाने तो रद्द करायला नकार दिला. सर्वोच्च न्यायालयाने ७ मार्च २०२४ रोजी तो रद्द केला. न्या. अभय ओक आणि न्या. उज्जल भुयान यांनी सांगितलं की ३७० हटवण्यावर टीका करायचा हक्क प्रत्येक नागरिकाला आहे, दुसऱ्या देशाला त्याच्या स्वातंत्र्यदिनी शुभेच्छा देणं गुन्हा नाही, आणि माणूस अमुक धर्माचा आहे एवढ्यावरून त्याचा हेतू वाईट धरता येत नाही. हे शेवटचं मी दोनदा वाचलं.

न्यायालयाने माप कोणतं लावलं? शब्द तोलायचे ते समंजस, खंबीर माणसाच्या नजरेने. ज्याला जिथेतिथे धोका दिसतो त्याच्या नजरेने नव्हे. हे माप स्वातंत्र्यापूर्वी नागपूरच्या उच्च न्यायालयात न्या. व्हिव्हियन बोस यांनी घालून दिलेलं आहे.

दुसरा निकाल २०१५ चा, श्रेया सिंघल खटल्याचा. चर्चा करा, मताचा पुरस्कार करा, ते कितीही अप्रिय असो. चिथावणी सुरू झाली की कायदा मधे येतो. याच निकालाने आयटी कायद्याचं कलम ६६-अ रद्द झालं. नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघरच्या एका मुलीने मुंबई बंदबद्दल फेसबुकवर लिहिलं, दुसरीने ते लाइक केलं आणि दोघींना अटक झाली. त्यात हे कलमही होतं.

पण रद्द झाल्यावरही त्या कलमाखाली गुन्हे नोंदवले जातच राहिले. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला पुन्हा आदेश काढावा लागला. आमच्या भाषेत सांगायचं तर सर्व्हरवरून कोड काढला, पण ठाण्यातल्या मशिनवर जुनंच व्हर्जन चालू! म्हणून निकाल आहे तर त्रास होणार नाही, असं मी म्हणत नाही. त्या प्राध्यापकांचे जवळजवळ १९ महिने गेले.

आता माझी चूक. काही महिन्यांनी आमच्या ग्रुपवर आपल्याच समाजातल्या एका मुलीची पोस्ट फिरली. वडिलांच्या मिळकतीत बहिणीला भावाच्या निम्माच वाटा का, एवढंच तिने विचारलं होतं. दोन तासांत पोलिसांत तक्रार द्यायची म्हणून सह्या सुरू झाल्या. कारण, भावना दुखावल्या. माझ्या मावसभावाने सही केली. मी केली नाही, पण गप्प बसलो.

सगळं सहन करा, असं मी सांगत नाही. यांना मारा, यांना गावातून हाकला, असं व्यासपीठावरून सांगणं ही चिथावणी आहे. द्वेषाच्या भाषणांवर बोलणाऱ्याचा धर्म न पाहता, तक्रारीची वाट न पाहता गुन्हा नोंदवा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये सर्व राज्यांना दिला. तिथे तक्रार जरूर द्या, पुराव्यासकट द्या. पण त्या मुलीने प्रश्न विचारला होता. उत्तर द्यायचं होतं तर लिहून द्यायचं.

नंतर मी तिला फोन केला. पोस्ट तिने काढून टाकली होती. म्हणाली, "भाई, ग्रुपवर तुम्हीही होतात ना?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. म्हणून तुम्हाला एक विनंती. पुढच्या वेळी कुणी सही मागायला आलं की आधी विचारा, हे मत आहे की चिथावणी? आणि हेच आपल्या भावाने लिहिलं असतं, तर आपण कुणाच्या बाजूने उभे राहिलो असतो?