घरभाड्याचा नफा आणि जोखमीची वाटणी
(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषण)

निवृत्त होणारा कामगार किंवा शाळामास्तर ग्रॅच्युइटीच्या पैशातून एखादे घर घेऊन ते भाड्याने देऊ पाहतो, तेव्हा त्याला भांडवलदार म्हणून झिडकारणे सोपे असते. परंतु पुरेसे पेन्शन नसलेल्या माणसाची म्हातारपणाची चिंता खोटी नसते. दूषण देण्यापूर्वी त्याचा हिशेब तपासला पाहिजे.

समजा, मुंबईच्या उपनगरात ६० लाखांचे घर घेतले आणि महिना १३ हजार भाडे आले. वर्षाचे झाले १ लाख ५६ हजार. त्यातून सोसायटीचे २४ हजार, मालमत्ता कर व दुरुस्तीचे १२ हजार आणि घर रिकामे राहिल्याने बुडालेले एका महिन्याचे भाडे वजा करा. उरतात १ लाख ७ हजार. म्हणजे शेकडा दोनही नाहीत. त्यात ४० लाखांचे कर्ज साडेआठ टक्क्यांनी काढले असेल, तर पहिल्या वर्षाचे नुसते व्याजच सुमारे ३ लाख ४० हजार होते. 'भाड्यातून हप्ता सुटतो' हा दलालांचा सिद्धांत येथे कोसळतो. मग या व्यवहारात लाभ कोणता? केवळ घराची किंमत वाढेल ही आशा. आणि ती वाढली, की त्याच गृहस्थाच्या मुलाला स्वतःचे घर घेणे अशक्य होते!

उलट बाजूचा इतिहासही विसरता कामा नये. १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर गोठवली. युद्धोत्तर टंचाईत या संरक्षणामुळेच गिरणगावातील हजारो कुटुंबे रस्त्यावर आली नाहीत. परंतु महागाई वाढत गेली आणि भाडे जागच्या जागी राहिले. मालकांनी दुरुस्ती सोडली, पागडीचा काळा व्यवहार फोफावला, चाळी खचल्या. त्यांच्या दुरुस्तीसाठी शासनाला १९६९ मध्ये कायदा करून उपकर बसवावा लागला. प्रमाणित भाड्याच्या तरतुदी काळाच्या ओघात अवाजवी झाल्याचे सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये म्हटले. ३१ मार्च २००० पासून अमलात आलेल्या नव्या कायद्याने वर्षाला चार टक्के वाढ मान्य केली.

आज नवे घर बहुधा अकरा महिन्यांच्या 'लिव्ह अँड लायसन्स' करारावर दिले जाते. मुदत संपताच घर सोडले नाही, तर दुप्पट रकमेचा भुर्दंड बसतो. मालकाची जुनी भीती कायद्याने अशी दूर केली. पण तीच अस्थिरता आता राहणाऱ्याच्या माथी आली. मुलांची शाळा, शेजार, रेशनकार्डावरचा पत्ता, सारेच अकरा महिन्यांचे! एवढे करूनही घरे भाड्याने निघतातच असे नाही. २०११ च्या जनगणनेत देशाच्या शहरी भागात सुमारे १ कोटी १० लाख घरे रिकामी आढळली. कारण किंमतवाढीवर डोळा असलेल्याला भाड्याची गरज नसते.

तेव्हा चळवळीची मागणी दुहेरी हवी. दुरुस्तीचा खर्च भागवून माफक परतावा देणारे, महागाईनुसार बदलणारे भाडे मालकाला मिळावे आणि ते देणाऱ्या कुटुंबाला काही वर्षांच्या वास्तव्याची हमी असावी. सट्ट्यासाठी रिकाम्या ठेवलेल्या घरांवर जबर कर बसवावा व त्या पैशातून शासनाने भाड्याची घरे बांधावीत. त्याबरोबरच म्हातारपणाच्या पेन्शनचा लढा चालवला पाहिजे. निवृत्त कामगाराला दोन वेळच्या जेवणासाठी दुसऱ्याच्या निवाऱ्यावर पैज लावावी लागते, तोवर भाडेकरू आणि छोटा घरमालक एकमेकांशी भांडत राहतील आणि खरा नफा बिल्डर व सावकार घेऊन जातील.