शिसे, गुरे आणि जीवनसत्त्व



आज मी माझ्याच घरची एक चूक सांगणार आहे.

मागे आम्ही ट्रॅक्टरची बॅटरी बदलली. जुनी बॅटरी मी गोठ्यामागे टाकून दिली. ती फुटली. तिथंच आमच्या दोन कालवडी बांधलेल्या असत. गुरांना दिसेल ते चाटायची सवय. त्यांनी बॅटरीतल्या पट्ट्या चाटल्या, चघळल्या.

थोड्याच दिवसांत थोरली कालवड चारा खाईना. करकरा दात खाऊ लागली. तिचे कान थरथरत. डोळे उघडे, पण तिला दिसेना. भिंतीला डोके लावून उभी राही. कोणी म्हणाले, नजर लागली. आम्ही अंगारा लावला. त्यात दोन दिवस गेले. कालवड मेली.

मग धाकटीचे कान थरथरू लागले. तेव्हा मात्र मी लगेच गुरांच्या डॉक्टरांना आणले. त्यांनी फुटकी बॅटरी पाहिली आणि म्हणाले, "गुरुजी, ही नजर नव्हे, हे शिसं आहे!"

बॅटरीतल्या पट्ट्या शिशाच्या असतात. शिसे हे विष आहे. ते रक्तात जाते आणि मेंदूला इजा करते. त्याचे जड तुकडे पोटात तळाशी बसतात व हळूहळू विरघळत राहतात.

डॉक्टरांनी शिसे लघवीवाटे बाहेर काढणारे औषध शिरेतून दिले. त्याबरोबर थायमिनची इंजेक्शने दिली. थायमिन म्हणजे ब-१ जीवनसत्त्व. त्याने मेंदूचा त्रास कमी होतो. शिसे अंगात साठण्यालाही आळा बसतो. धाकटी वाचली.

शेजारी विचारू लागले, "गुरुजी, मग हे थायमिन रोज पेंडीत घालावं का?"

तसे नाही. रवंथ करणाऱ्या निरोगी जनावराच्या पोटात ब-१ आपोआप तयार होते. आणि शिसे समोर पडलेले असेल, तर जीवनसत्त्व किती पुरे पडणार? आधी विष दूर करा. लक्षण दिसताच डॉक्टरांना बोलवा. औषध किती द्यायचे ते त्यांनीच ठरवावे.

आणखी एक. शिसे दुधात उतरते. अशा गाईचे दूध डॉक्टर सांगेपर्यंत पोराबाळांना देऊ नका.

जुनी बॅटरी दुकानदाराला परत द्या. रंगाचे जुने डबे, भिंतीचे पोपडे गुरांच्या तोंडाशी येऊ देऊ नका.

माझी एक कालवड माझ्या आळसाने गेली. तुमची जाऊ नये. आज घरी गेल्यावर आधी गोठ्यामागे जाऊन बघा.