वॉशिंग्टन नावाची वाडी



वीणा गवाणकरांचं ‘एक होता कार्व्हर’ हे पुस्तक १९८१ मध्ये आलं आणि मराठी घराघरांत पोचलं. आमच्या घरातली प्रत तर इतक्या हातांतून फिरली, की तिचं मुखपृष्ठ आता वेगळं ठेवावं लागतं. माझी धाकटी मुलगी शाळेत होती तेव्हा तिनं ते दोन दिवसांत संपवलं आणि तिसऱ्या दिवशी माझ्यापुढे येऊन उभी राहिली.

“अब्बा, कार्व्हरचं मधलं नाव वॉशिंग्टन. त्याला टस्कीगीच्या शाळेत बोलावून घेणारे बुकर टी. वॉशिंग्टन. अमेरिकेचे पहिले अध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन. हे एकमेकांचे कोण?”

मी म्हटलं, “कुणीच नाहीत.”

“मग आडनाव एक कसं?”

मला उत्तर देता आलं नाही. तसं पाहिलं तर मला ते यायला हवं होतं, कारण आडनावाचा प्रश्न आमच्या घराला नवा नाही. आम्ही कोकणातले मुसलमान. आमच्यात ‘कर’ लावणारी घरं पुष्कळ आहेत. माझं आडनाव ऐकलं की समोरचा माणूस खूश होतो, मग नाव ऐकतो आणि थबकतो. “म्हणजे तुम्ही मूळचे...?” मूळचा मी त्याच गावचा, जे आडनावात आहे. खाडीकाठचं गाव. गंमत अशी की त्या गावात आज आमचं घरही नाही आणि जमीनही नाही. आजोबा लहानपणीच तिथून निघाले. वडिलांना शाळेत घालताना गुरुजींनी विचारलं, “आडनाव काय लावू?” आजोबांनी गावाचं नाव सांगितलं, गुरुजींनी त्याला ‘कर’ जोडला. सुटलेलं गाव असं हजेरीपटातून परत घरात आलं.

तर मुलीच्या प्रश्नामुळे मी वॉशिंग्टनच्या मागे लागलो. पहिलाच शोध असा, की वॉशिंग्टन हेही एका गावाचंच नाव. अमेरिकेतल्या नव्हे, इंग्लंडच्या ईशान्येकडच्या. पूर्वी ते डरहॅम परगण्यात होतं, आता टाइन अँड वेअरमध्ये मोडतं. जुन्या इंग्रजीत ‘टून’ म्हणजे कुंपण घातलेली शेतवाडी. त्याचंच पुढे ‘टन’ झालं. अलीकडचा भाग कुणा ‘ह्वासा’ किंवा ‘वासा’ नावाच्या माणसाचा. म्हणजे ही वासाची वाडी, वासाच्या माणसांची वाडी. हा वासा कोण होता, त्याच्याकडे गुरं होती की मेंढ्या, कसलीही नोंद नाही. नुसतं नाव उरलं, आणि ते पुढे एका राजधानीला, एका राज्याला आणि लाखो माणसांना चिकटलं.

डरहॅमच्या बिशपनं ११८३ मध्ये आपल्या मुलखाची एक पाहणी करवली. तिचं दप्तर ‘बोल्डन बुक’ म्हणून ओळखलं जातं. त्यात एक नोंद आहे : विल्यम डी हर्टबर्न नावाच्या सरदाराकडे हर्टबर्न गाव होतं, ते बिशपला देऊन त्याच्या बदल्यात त्यानं वॉशिंग्टन गाव घेतलं. गाव बदललं, तसं नावही बदललं. हर्टबर्नकर होता, तो वॉशिंग्टनकर झाला. त्या काळी उमरावांचं आडनाव जमिनीला बांधलेलं असे. जमीन सुटली की नाव सुटायचं. पुढच्या दोन-तीन शतकांत मात्र उलटं होत गेलं. माणसं गाव सोडून गेली, पण नाव बरोबर घेऊन गेली. आपल्याकडच्या ‘कर’चंही तेच झालं आहे. सगळे गावातच राहत असतील, तर गावाच्या नावानं एकाला दुसऱ्यापासून ओळखायचं कसं? बाहेर पडलेल्यालाच त्याचं गाव विचारतात.

या घराण्याची एक शाखा लँकेशायरला गेली. तिथून लॉरेन्स वॉशिंग्टन नावाचा एक जण नॉर्थॅम्प्टनला आला, लोकरीच्या व्यापारात पैसा मिळवला, शहराचा महापौर झाला. आठव्या हेन्रीनं मठ बुडवून त्यांच्या जमिनी विकायला काढल्या, तेव्हा १५३९ मध्ये त्यानं सल्ग्रेव्हची जमीन घेतली आणि तिथं घर बांधलं. ते घर आजही आहे. या घराण्याची ढालीवरची निशाणी म्हणजे दोन आडवे पट्टे आणि वर तीन तारे. अमेरिकेचा राष्ट्रध्वज यातूनच आला असं हौसेनं सांगतात. त्याला पुरावा नाही. वॉशिंग्टन शहराच्या झेंड्यावर मात्र १९३८ पासून हीच निशाणी आहे.

मला जास्त जवळचा वाटतो तो याच घराण्यातला दुसरा लॉरेन्स. ऑक्सफर्डला शिकलेला, एसेक्समधल्या पर्ली गावात धर्मगुरू. इंग्लंडात राजा आणि पार्लमेंट यांचं युद्ध पेटलं. हा राजाच्या बाजूचा. १६४३ मध्ये पार्लमेंटच्या लोकांनी त्याला पदावरून काढलं आणि आरोप ठेवला तो मद्यपानाचा. खरं काय, खोटं काय, चारशे वर्षांनंतर कोण सांगणार! युद्धाच्या दिवसांत नको असलेल्या माणसाला बदनाम करून घालवणं हे काही नवं नाही. पण घर बुडालं हे खरं. दहा वर्षांच्या आत तो गेला आणि मुलं वाऱ्यावर पडली.

त्यातला थोरला जॉन जहाजावर लागला. ‘सी हॉर्स’ नावाचं हे जहाज तंबाखू भरायला अमेरिकेत व्हर्जिनियाला गेलं, आणि १६५७ च्या सुरुवातीला परतीच्या वाटेवर पोटोमॅक नदीत गाळात रुतलं. जहाज पुन्हा पाण्यावर काढलं गेलं, पण जॉन परत गेला नाही. मागे होतंच काय? तिथल्या एका जमीनदाराच्या मुलीशी लग्न झालं, सासऱ्यानं ७०० एकर जमीन दिली. एका रुतलेल्या जहाजामुळे हे आडनाव अमेरिकेत राहिलं. त्याच पोटोमॅकच्या काठावर पुढे त्याच नावाची राजधानी उभी राहिली.

जॉननं जमीन वाढवली, तंबाखू लावली. १६७५ मध्ये सस्क्वेहॅनॉक या मूळच्या रहिवाशांवर व्हर्जिनियाच्या फौजेनं चाल केली, तिच्यात तो अधिकारी होता. वाटाघाटीला बाहेर आलेल्या त्यांच्या प्रमुखांना ठार मारलं गेलं. त्या लोकांनी जॉनला स्वतःचं एक नाव दिलं : कोनोटोकॅरियस. अर्थ, गावं उद्ध्वस्त करणारा. पुढे १७५३ मध्ये तरुण जॉर्ज वॉशिंग्टन त्या बाजूला गेला, तेव्हा पणजोबांचं हे नाव त्यालाही मिळालं. ज्यांच्या आडनावातच गाव आहे, त्यांना परक्यांनी ठेवलेलं नाव हे!

जॉर्जचा जन्म १७३२ चा. तो अकरा वर्षांचा असताना वडील वारले आणि वारशात त्याला जमिनीबरोबर दहा गुलाम मिळाले. आपल्याकडे त्या वयाचं पोर गोट्या खेळतं. १७९९ मध्ये तो गेला, तेव्हा माउंट व्हर्ननच्या त्याच्या जमिनीवर ३१७ गुलाम होते. त्यातले १२३ त्याचे स्वतःचे. बाकी बरेचसे पत्नीच्या पहिल्या नवऱ्याच्या मालमत्तेतून आलेले. आपल्या गुलामांना पत्नीच्या पश्चात मुक्त करावं असं त्यानं मृत्युपत्रात लिहिलं. पत्नीनं ते आधीच, १ जानेवारी १८०१ ला केलं. पण दुसऱ्या मालमत्तेतल्यांना सोडायचा हक्क दोघांनाही नव्हता. या दोन गटांत लग्नं झालेली होती. म्हणजे नवरा मोकळा आणि बायको-मुलं गुलाम, अशी घरं त्या दिवशी तिथं झाली. या माणसांची यादी जॉर्जनं स्वतः तयार केली होती. काम काय, वय किती, कुणाची बायको, सगळं नीट लिहिलेलं. बहुतेकांच्या पुढे आडनाव मात्र नाही.

जॉर्जला मूलबाळ नव्हतं. वंश चालला तो भावांचा. आता हा आकडा ऐका. अमेरिकेच्या २००० सालच्या जनगणनेत वॉशिंग्टन आडनावाची सुमारे १ लाख ६३ हजार माणसं होती. त्यातली जवळजवळ ९० टक्के कृष्णवर्णीय. डरहॅमच्या सरदाराचं, लोकरीच्या व्यापाऱ्याचं हे नाव आज अमेरिकेत काळ्या माणसाचं आडनाव म्हणून ओळखलं जातं.

असं का झालं? चटकन सुचणारं उत्तर म्हणजे मालकाचं नाव गुलामांना लागलं. कार्व्हरचं आडनाव तसंच, मोझेस कार्व्हर या मालकाकडून आलेलं. पण वॉशिंग्टन घराण्याच्या ताब्यातली माणसं कितीशी असणार? या लाखाच्यावर लोकांतल्या बहुतेकांच्या पूर्वजांचा माउंट व्हर्ननशी संबंध नव्हता. त्यांनी हे नाव घेतलं, कुणी दिलं नाही.

बुकर टी. वॉशिंग्टन यांनी १९०१ च्या आत्मचरित्रात स्वतःची हकिकत सांगितली आहे. गुलामगिरी १८६५ ला संपली. हे कुटुंब व्हर्जिनियाहून वेस्ट व्हर्जिनियात आलं, मुलगा मिठागरात काम करता करता शाळेत जाऊ लागला. मास्तर हजेरी घेत होते. प्रत्येक मुलाला दोन नावं, कुणाला तीन. याला नाव एकच, बुकर. आपली पाळी येईपर्यंत त्याच्या मनात काय झालं असेल याची कल्पना करा. पाळी आली आणि त्यानं शांतपणे सांगितलं, बुकर वॉशिंग्टन. जसं काही जन्मापासून हेच नाव होतं. त्याच्या सावत्र वडिलांचं नाव वॉशिंग्टन होतं. आडनाव नव्हे, नाव. आईनं आपलं नाव बुकर टॅलिअफेरो ठेवलं होतं हे त्याला नंतर कळलं. त्याचा ‘टी’ त्यानं मधे घेतला. स्वतःचं नाव स्वतः ठेवायची संधी फार थोड्यांना मिळते, असं त्यांनी लिहिलं आहे. आणखी एक लिहिलं आहे, ते मला फार आवडलं. सुटलेले लोक दोन गोष्टी आधी करायचे. एक, काही दिवस तरी मळा सोडून बाहेर जाऊन पाहायचं, खरंच कुणी अडवत नाही ना. दुसरी, नाव बदलायचं. ‘हॅचरचा जॉन’ असायचा, तो जॉन एस. लिंकन व्हायचा. त्या ‘एस’ला काही अर्थ नसायचा. मोठ्या माणसांच्या नावात मधे अक्षर असतं, म्हणून आपल्याही असावं, बस.

याच्या उलट टोकाला माल्कम एक्स. ‘लिटल’ हे आडनाव मालकांचं म्हणून त्यानं फेकून दिलं आणि खरं नाव हरवलं आहे याची खूण म्हणून तिथं फुली ठेवली. १९६४ मध्ये कॅशियस क्ले मुहम्मद अली झाला. क्ले हे गुलामाचं नाव, असं तो म्हणायचा. आता ज्या गोऱ्या केंटकीकराचं नाव त्याला आणि त्याच्या वडिलांना मिळालं होतं, तो गुलामगिरीच्या विरोधात झगडलेला माणूस होता. तरीही अलीला मी चूक म्हणणार नाही. ज्याला जोडा चावतो त्यानं तो काढावा. पण मुसलमान म्हणून माझं मन अलीकडे जाईल असं तुम्हाला वाटत असेल, तर सांगतो, मला बुकर जवळचा वाटतो. मालकवर्गाचं सगळ्यांत मोठं नाव उचलून ‘हे माझं’ म्हणणाऱ्या पोराची छाती काही कमी नाही. आणि ते पुढे झालंच की त्यांचं. १९७५ मध्ये वॉशिंग्टन शहरात पहिला निवडून आलेला महापौर कारभार पाहू लागला, तो कृष्णवर्णीय होता आणि त्याचं नाव होतं वॉल्टर वॉशिंग्टन.

या सगळ्यांच्या आधी एक जण हे नाव घेऊन निघून गेला होता. त्याची हकिकत सांगतो आणि थांबतो.

आफ्रिकेत गांबिया नदीच्या बाजूला १७४० च्या सुमारास जन्मलेला हा मुलगा. जॉर्ज वॉशिंग्टननं त्याला १७६३ मध्ये विकत घेतलं. माउंट व्हर्ननच्या तबेल्यात तो घोडे सांभाळायचा, हॅरी म्हणून हाक मारली जायची. १७७१ मध्ये पळाला, पकडला गेला. १७७५ च्या अखेरीस व्हर्जिनियाच्या ब्रिटिश गव्हर्नरनं जाहीर केलं, की बंडखोरांचे जे गुलाम आमच्या बाजूनं लढतील ते स्वतंत्र. जनरल वॉशिंग्टन स्वातंत्र्याच्या लढाईवर होता, तेव्हा १७७६ मध्ये हॅरी पुन्हा पळाला, तो ब्रिटिशांकडे. ब्रिटिश हरले. १७८३ मध्ये न्यू यॉर्कहून त्यांची जहाजं निघाली. आमची माणसं परत द्या, अशी मागणी जनरल वॉशिंग्टननं समोर बसून केली. ब्रिटिश सेनापती कार्लटननं ती मानली नाही. जाणाऱ्या सुमारे तीन हजार काळ्या माणसांची नावं एका वहीत लिहिली गेली. त्या वहीत हॅरी वॉशिंग्टन हे नाव आहे, वय ४३, आणि पूर्वीचा मालक म्हणून जनरल वॉशिंग्टनचं.

तो कॅनडात नोव्हा स्कोशियाला गेला. थंडी, खडकाळ जमीन. नऊ वर्षांनी, १७९२ मध्ये, घर-जमीन सोडून सुमारे १२०० लोकांबरोबर पुन्हा जहाजावर चढला आणि आफ्रिकेत सिएरा लिओनला उतरला. तिथं जमिनीवर सारा लागणार नाही असं कबूल केलं होतं. कंपनीनं सारा लावला. १८०० मध्ये लोक उठले आणि त्या उठावात साठीतला हॅरी होता. जनरल आदल्याच डिसेंबरात, आपल्या घरी, आपल्या बिछान्यात वारला होता. सारा न देण्यासाठी त्यानं केलेल्या बंडाला जगानं स्वातंत्र्ययुद्ध म्हटलं. हॅरी वॉशिंग्टनवर लष्करी न्यायालयात खटला चालला आणि त्याला खाडीपलीकडच्या बुलम किनाऱ्यावर हद्दपार केलं गेलं. तिथल्या हद्दपारांनी जे दोन पुढारी मानले, त्यातला एक तो होता.