पाणी चढण्याआधी ठरवायच्या गोष्टी



२०२४ साली ७ सप्टेंबरला आपण बडोदेकरांनी बाप्पाला घरी आणलं, तेव्हा विश्वामित्रीच्या पुराला दहा-अकरा दिवसच झाले होते. धोक्याची पातळी २५ फूट. नदी ३५ च्याही वर गेली होती. पावसाचा जोर ओसरला तरी पाणी हटेना, कारण वरचं आणि आजव्याचं पाणी नदीत येतच होतं.

आपली दुकानं, दवाखाने, पतपेढ्या, वाचनालयं यांनी यातून एवढं घ्यावं: निर्णय आभाळाकडे बघून नव्हे, नदीचा आकडा बघून करावा. किती फुटांना तळमजल्यावरचं दप्तर वर न्यायचं, किती फुटांना मेन स्विच बंद करायचा, हे आपल्या जागेच्या उंचीप्रमाणे आधीच लिहून ठेवलं, की ऐनवेळी अध्यक्षांच्या फोनची वाट पाहावी लागत नाही.

मग स्वतःला विचारू: आपलं कोणतं काम एक दिवसही अडून चालणार नाही? दवाखान्यात फ्रीजमधल्या लसी आणि इन्सुलिन, पतपेढीत ठेवीदारांची खाती, वाचनालयात पुन्हा न मिळणारे ग्रंथ. ते आधी वाचवायचं. सगळंच महत्त्वाचं म्हटलं, की काहीच हाती लागत नाही.

पुढचा प्रश्न: हे काम एकाच माणसावर अवलंबून आहे का? कपाटाची किल्ली, बँकेतली सही, संगणकाचा पासवर्ड ज्याच्याकडे, तोच घरी पाण्यात अडकला तर? प्रत्येक कामाला दुसरा माणूस नेमावा, आणि तो नदीपलीकडे राहणारा असावा. पुरात पूल बंद होतात. हिशेबाची एक प्रत शहराबाहेर ठेवावी.

आपण नाटकवेडी माणसं, तालमीशिवाय पडदा वर जाऊ देत नाही. तशीच मेअखेरीस तासाभराची तालीम करू. यादीतल्या प्रत्येकाला फोन लावू. बदललेले नंबर तेव्हाच कळतील.

त्या यादीत पहिली नावं एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांची असावीत. मुलं पुण्याला किंवा परदेशी, आणि आपले काका-मावशी इथे तळमजल्यावर. कोण कोणाच्या दारी जाणार, हे नावानिशी ठरवू.

पूजा, प्रसाद, मांडव, विसर्जन यांच्या कामाच्या याद्या आपण दरवर्षी करतोच. त्याच वहीत हे एक पान वाढवू, आणि उत्सवाच्या हिशेबाच्या सभेत ते भरूनच उठू.

गणपती बाप्पा मोरया!