नाव कोण ठेवणार?

(युवक शिबिरात केलेलं भाषण)



विषय ऐकून मागं खसखस पिकली. पिकू द्या. हसून झालं की ऐका.

पोर जन्मलं की सुईण बघते आन् सांगते, पोरगा नाहीतर पोरगी. त्याच दिवशी जातही चिकटते. दोन्ही शिक्के मारताना त्या पोराला कुणी विचारत नाही. मोठं झाल्यावर काही माणसं म्हणतात, मला पुरुष म्हणू नका, बाईही म्हणू नका. काही म्हणतात, माझं आज एक, उद्या दुसरं. शिकलेली पोरं पहिल्याला नॉनबायनरी म्हणतात, दुसऱ्याला जेंडरफ्लुइड. मराठीत अजून पक्का शब्द बसलेला नाही. म्हणून काय ही माणसं नाहीत?

आपल्याकडं सगळ्यांना एकाच पोत्यात कोंबायची खोड आहे. हिजडा ही जमात आहे, तिला घराणं आहे, गुरू-चेला आहे. जोगता यल्लम्माला सोडलेला. ज्याच्या शरीराची घडणच जन्मतः वेगळी, तो इंटरसेक्स. जन्मताना मुलगा ठरवलं पण जी बाई आहे, ती ट्रान्स बाई. नॉनबायनरी माणूस यातलं काहीच नसेल, किंवा यातलं एखादं असूनही स्वतःला नॉनबायनरी म्हणेल. ते त्यानं सांगायचं, आपण ऐकायचं. एवढी साधी गोष्ट आहे.

भाषा आडवी येते म्हणता? मराठी 'मी जातो' की 'मी जाते' विचारते खरी. पण 'आम्ही आलो' म्हणताना विचारत नाही. 'मी येईन' म्हणतानाही नाही. वाट काढायची तर भाषेत वाट आहे. अडचण जिभेची नाही, डोक्यातल्या मनूची आहे.

मनूनं नवव्या अध्यायात क्लीबाला वारसा नाकारला. इंग्रजानं 1871 साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला. त्याच्या पहिल्या भागात जमाती, दुसऱ्या भागात हिजडे. त्यांची नावं पोलिसाच्या वहीत. बाईचे कपडे घालून चव्हाट्यावर दिसला तर तुरुंग. दत्तक घ्यायचं नाही, मृत्युपत्र करायचं नाही. त्याच कायद्यानं पुढं आपल्या पारध्यांना जन्मतः चोर ठरवलं. वही एक, शाई एक. आन् तुम्ही म्हणता, यांचा आपला काय संबंध!

नावाची किंमत आपल्याला कुणी शिकवायची? आपल्यावर 'हरिजन' लादलं, तेव्हा 1938 साली मुंबईच्या विधिमंडळातून बाबासाहेब आपल्या आमदारांसह बाहेर पडले. 1972 साली पँथरनं 'दलित' हा शब्द छातीवर घेतला. 1978 साली विद्यापीठाच्या नावापायी मराठवाड्यात आपली घरं जळाली. 2018 साली सरकारनं वाहिन्यांना सांगितलं, 'दलित' शब्द वापरू नका. म्हणजे आमचं नाव पुन्हा तेच ठरवणार! जो समाज स्वतःच्या नावासाठी जळाला, त्यानं दुसऱ्याला 'तुझं नाव आम्ही ठरवू' म्हणावं? हा तर आपलाच मनुवाद झाला.

2014 साली सर्वोच्च न्यायालयानं निवाडा दिला की आपलं लिंग कोणतं हे ज्याचं त्यानं सांगावं. 2019 साली संसदेनं कायदा केला आणि जिल्हादंडाधिकाऱ्याच्या दाखल्याची अट घातली. बाई किंवा पुरुष अशी नोंद हवी तर शस्त्रक्रियेचा कागद आणा म्हणाले. जातीच्या दाखल्यासाठी तहसीलच्या पायऱ्या झिजवणाऱ्यांनो, साहेबाच्या सहीशिवाय माणूस माणूस ठरत नाही, ही व्यवस्था तुम्हाला ठाऊक आहे.

2011 च्या जनगणनेत 'इतर' रकान्यात 4,87,803 माणसं मोजली गेली. त्यातली 78 हजारांवर अनुसूचित जातीची. म्हणजे आपली. आपल्याच वस्तीतली, बापानं घराबाहेर काढलेली. ही माणसं मोकळी झाली तरी जात त्यांना सोडत नाही. 2014 च्या निवाड्यानं त्यांना मागासवर्ग मानायला सांगितलं. पण दलित ट्रान्स माणसानं मग जात सोडायची की लिंग? म्हणून तामिळनाडूच्या ग्रेस बानू समांतर आरक्षण मागतात. प्रत्येक प्रवर्गाच्या आत वेगळा वाटा. कर्नाटकानं 2021 साली सरकारी नोकऱ्यांत असा एक टक्का दिला. ही मागणी आपल्या फलकावर का नाही?

आणि शेवटचं. मोर्चा निघतो आन् साहेबाला बांगड्यांचा आहेर होतो. घोषणेत 'हिजडं सरकार' येतं. हे बंद. ज्या शब्दानं आपलंच माणूस रक्तबंबाळ होतं, ती शिवी सरकारला लागत नाही, आपल्यालाच लागते.

शाखेच्या सभासद अर्जात 'पुरुष / स्त्री' छापलंय. ते खोडा. रकाना कोरा ठेवा, माणूस काय लिहील ते मान्य करा. उद्या त्यानं बदललं तर तेही मान्य करा. पुरावा मागायचा नाही, हसायचं नाही. घरातून हाकललेलं पोर आलं तर आधी भाकर द्या, मग नाव विचारा. ते जे सांगेल, त्याच नावानं हाक मारा.

जय भीम.